वैद्यकाचा विद्यार्थी आणि संशोधन



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी नागरिकांनी एकत्र जमावे आणि आपल्या रोजच्या व्यवसायाबाहेरच्या एखाद्या विषयाचा विचार करावा, असा चांगला पायंडा आपल्याकडे पडला आहे. आजचा विषय ऐकून मात्र काहींच्या मनात शंका आली असेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शिकत असतानाच एखाद्या गुरूच्या हाताखाली संशोधन करावे की करू नये, हा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी आपापसांत सोडवावा. व्यापारी, शिक्षक, वकील, गृहिणी यांचा त्याच्याशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो तीन प्रकारचा आहे. आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी आज वैद्यक शिकत आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण केव्हा ना केव्हा रोगी म्हणून अशा विद्यार्थ्यासमोर येणार आहे. आणि ज्या औषधांवर आज लक्षावधी माणसे जगतात त्यांतल्या काही औषधांच्या मुळाशी परीक्षेचा अभ्यास चालू असताना केलेली विद्यार्थ्यांची कामे आहेत. या तिसऱ्या संबंधापासूनच आरंभ करतो.

आपल्या गावात मधुमेह नाही असे घर आज शोधावेच लागेल. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, हे शरीरशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होते. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने या ग्रंथीची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केली आणि तीवर आपला प्रबंध लिहिला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहावा आणि मगच त्याला डॉक्टर ही पदवी मिळावी, अशी जर्मनीत जुनी चाल आहे. बरेच विद्यार्थी ते काम अभ्यास चालू असतानाच करतात. मार्गदर्शक प्राध्यापकाला तिकडे जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'डॉक्टरचा बाप' असा होतो. बापाचे नाते लावले म्हणजे बापाची जबाबदारीही आली.

बर्लिनच्या त्या संस्थेत रुडोल्फ फिर्खो हे त्या काळातले विकृतिशास्त्राचे थोर आचार्य होते. त्यांच्या सहवासात लांगरहान्स वाढला. त्याला त्या ग्रंथीत भोवतालच्या पेशींपासून निराळे दिसणारे, बेटांसारखे विखुरलेले पेशींचे पुंजके आढळले. त्याने त्यांचे वर्णन केले, आणि या पेशी काय काम करतात हे आपणास ठाऊक नाही, असे सरळ नमूद केले. २१ वर्षांच्या पोराला, पदवीच्या प्रबंधात, 'मला ठाऊक नाही' असे लिहिता आले, याचे मला फार अप्रूप वाटते. त्याच्या जागी दुसरा एखादा असता तर त्याने एखादी आकर्षक कल्पना रचून दिली असती, आणि पुढच्या माणसांना ती आधी खोडावी लागली असती. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो असे दाखविले. १८९३ साली लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना 'लांगरहान्सची बेटे' असे नाव दिले. पण नाव दिल्याने रोगी वाचत नाही. तो वाचण्यास आणखी जवळजवळ ३० वर्षे लागली, आणि तेथे पुन्हा एक विद्यार्थीच पुढे आला.

१९२१ सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग नावाचा एक तरुण शल्यवैद्य प्रयोगशाळेत काम सुरू करतो. त्याच्याजवळ एक कल्पना आहे; मात्र संशोधनाचा अनुभव जवळजवळ नाही. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मॅक्लाउड त्याला खोली देतात, कुत्री देतात आणि मदतीला एक विद्यार्थी देतात. त्याचे नाव चार्ल्स बेस्ट. वय २२, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायन घेऊन नुकताच पदवीधर झालेला. वैद्यकाची पदवी त्याला पुढे १९२५ साली मिळाली. रक्तातली व लघवीतली साखर मोजणे हे त्याचे काम. बँटिंगने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत असे सांगितले आहे की, आरंभी बेस्टच्या कामात ढिलाई दिसली, काचेची भांडी स्वच्छ नव्हती, आणि त्याबद्दल त्याने बेस्टला चांगलेच फैलावर घेतले. बेस्टने त्या रात्री बसून सगळी भांडी घासून लखलखीत केली. मोठ्या शोधाच्या मुळाशी घासलेली भांडी असतात, ही गोष्ट आपल्या गृहिणींना निराळी सांगावयास नको!

त्या उन्हाळ्यात पुष्कळ कुत्री दगावली. ३० जुलै रोजी मात्र स्वादुपिंडाचा अर्क टोचल्यावर मधुमेही कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरलेली दिसली. दोघे तरुण हर्षभरित झाले. मॅक्लाउड तेव्हा स्कॉटलंडला गेले होते. त्यांनी तिकडून लिहिले ते सावधगिरीचे, आणि सप्टेंबरात परत आल्यावर आणखी पुरावा मागितला. साखर उतरली ती अर्कामुळेच कशावरून? दुसरे कारण नसेल कशावरून? प्रयोग पुन्हा करा. बँटिंगला याचा संताप आला आणि पुढे त्या दोघांचे संबंध कायमचे बिघडले. पुष्कळ गोष्टीवेल्हाळ लेखकांनी या कथेत मॅक्लाउड यांना खलनायक केले आहे. मला तसे वाटत नाही. शिष्याच्या आनंदात सामील होणे सोपे असते. त्या आनंदाला चाळणी लावणे हे कडू काम गुरूला करावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिले इंजेक्शन दिले ते जवळजवळ वायाच गेले. कॉलिप या रसायनज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचले, तेव्हा मुलगा सुधारू लागला. पहिल्या अपयशाने ही मंडळी गोंधळली नाहीत, याचे श्रेय मोजमापाच्या शिस्तीला दिले पाहिजे.

१९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड या दोघांना मिळाले. विद्यार्थी बेस्ट त्यात नव्हता. बँटिंगने आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला दिली. मॅक्लाउड यांनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा कॉलिपला दिला. श्रेयाचा हा प्रश्न पुढे मी पुन्हा घेणार आहे.

आता दुसरे उदाहरण. हृदयावर किंवा रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करताना, मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याचे रक्त यंत्रातून शुद्ध करताना, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन नावाचे औषध वापरतात. याचे मूळ अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आहे. तेथे विल्यम हॉवेल हे रक्त कसे गोठते या विषयातले अधिकारी पुरुष होते. जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्यांनी एक आखीव काम दिले: मेंदूतून मिळणारा एक स्निग्ध पदार्थ रक्त गोठवितो, तो शुद्ध करून त्याचा गुण तपासायचा. मॅक्लीनने तसेच पदार्थ हृदयातून व यकृतातूनही काढले. काही काळ ठेवल्यावर यकृतातल्या पदार्थाची गोठविण्याची शक्ती नाहीशी झाली, आणि तो उलट रक्त गोठू देईना.

येथे क्षणभर थांबून विचार करा. गुरूने शोधायला सांगितले एक, आणि हाती आले नेमके त्याच्या उलट. निव्वळ आज्ञाधारक विद्यार्थी म्हणाला असता, नमुना बिघडला, फेकून द्या. मॅक्लीनने तो पुन्हा पुन्हा तपासला. त्याच्या मृत्यूनंतर १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत असे आहे की, त्याने रक्ताचे एक पात्र हॉवेल यांच्या मेजावर नेऊन ठेवले आणि हे गोठले म्हणजे मला कळवा असे सांगितले. ते गोठलेच नाही. हॉवेल यांचा लगेच विश्वास बसला नाही, पण त्यांनी विद्यार्थ्याला उडवूनही लावले नाही. १९१६ सालच्या मॅक्लीनच्या निबंधात मुख्य विषयाच्या शेवटी ही गोष्ट थोडक्यात नमूद झाली. हॉवेल यांनी ते काम पुढे नेले आणि १९१८ साली एमेट होल्ट या आणखी एका विद्यार्थ्यासह त्या द्रव्याला यकृताच्या ग्रीक नावावरून हेपारिन असे नाव दिले. पुढे हॉवेल यांनी जे द्रव्य वेगळे केले ते रासायनिकदृष्ट्या मॅक्लीनच्या पदार्थाहून भिन्न ठरले. त्यामुळे शोधाचा मान कोणाचा हा वाद राहिला, आणि मॅक्लीनने उतारवयात तो मान आपला आहे हे सांगण्यासाठी पुष्कळ खटपट केली. इतिहासाची गंमत अशी की, हे द्रव्य माणसाला देण्याइतके शुद्ध करण्याचे काम १९३० नंतरच्या दशकात टोरांटोला झाले, आणि त्या कामाचा पुढारी होता चार्ल्स बेस्ट. कालचा विद्यार्थी आता गुरू झाला होता.

तिसरे उदाहरण दुःखद आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात रेल्वेमार्ग बांधताना मजुरांत एका तीव्र तापाने अनेक बळी घेतले. त्याच डोंगराळ भागात अंगावर लाल गाठी उठण्याचा दुसरा एक रोग होता. दोन्ही एकच की निराळे, हे कोणास ठाऊक नव्हते. दानिएल कारियोन हा लिमा शहरातला वैद्यकाचा विद्यार्थी गाठींच्या रोगावर टिपणे काढीत होता. मित्रांनी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, तरी १८८५ सालच्या ऑगस्टमध्ये त्याने एका रोग्याच्या गाठीतले रक्त स्वतःला टोचून घेतले. त्याला तोच जीवघेणा ताप आला, आणि ५ ऑक्टोबर रोजी तो वारला. शक्य होते तोवर आपल्या लक्षणांची नोंद तो स्वतः ठेवीत होता; पुढे मित्रांनी ठेवली. दोन्ही रोग एकच, हे त्याने मरून सिद्ध केले. पेरू देशात ५ ऑक्टोबर हा दिवस वैद्यकदिन म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या धैर्याला वंदन करूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते: अशा मुलाला 'थांब' असे अधिकाराने सांगणारा आणि प्रश्न सोडविण्याची दुसरी वाट दाखविणारा कोणी हवा होता. तरुणाजवळ उत्साह असतो. धोक्याचे मोजमाप त्याला करता येतेच असे नाही.

हे सारे परदेशांतले झाले. आपल्याकडचे काय? आपल्या महाराष्ट्राची आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली, हे सर्वांना माहीत आहे. तिने पदवीसाठी प्रबंध लिहिला होता, हे तितके माहीत नसते. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. तो प्रयोगशाळेतला शोध नव्हता. परंतु परदेशी जाऊन, प्रकृती साथ देत नसताना, स्वतःच्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाचा प्रश्न तिने विद्यार्थिदशेतच अभ्यासाला घेतला. संशोधनाचा विषय आपल्या अंगणात असतो, हा धडा तिच्यापासून घ्यावा.

स्वतंत्र भारतात यासाठी काही व्यवस्थाही झाली. १९११ साली स्थापन झालेल्या संशोधननिधी संस्थेचे १९४९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेत रूपांतर झाले. या परिषदेने १९७९ साली वैद्यकाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची शिष्यवृत्ती सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातल्या एका अध्यापकाला मार्गदर्शक घ्यावे, एक लहानसा प्रश्न निवडावा, दोन महिने काम करावे आणि अहवाल द्यावा, अशी ती योजना.

दोन महिन्यांत काय होणार, असे आपण विचाराल. कल्पनेने एक उदाहरण घेतो. इन्शुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश उष्णतेत ठेवावी लागते. खेड्यात, झोपडीत, जेथे शीतकपाट नाही तेथे ती कोठे ठेवतात? बरेचजण ती मातीच्या माठात ठेवतात. मग विद्यार्थ्याने विचारावे: माठातली उष्णता प्रत्यक्षात किती राहते? विद्यार्थी प्रथम म्हणेल, मी साऱ्या जिल्ह्याचा अभ्यास करतो. गुरूने म्हणावे, दहा घरे घे. विद्यार्थी म्हणेल, दुपारी एकदा मोजतो. गुरूने म्हणावे, पहाटे, दुपारी आणि रात्री मोज. माठाबाहेर त्याच खोलीत दुसरा तापमापक ठेव, नाहीतर माठाने काय केले हे तुला कसे कळणार? मे महिन्यात मोजलेले जुलैत खरे राहील का? माठ सावलीत होता की पत्र्याखाली? पाणी रोज बदलत होते का? असे प्रश्न विचारता विचारता मोठा दिसणारा विषय हाताच्या मुठीएवढा होतो, आणि मुठीएवढा झाला म्हणजेच तो उचलता येतो. अखेरीस उत्तर कदाचित असे येईल की, माठ बाहेरच्यापेक्षा थंड खरा, पण पुरेसा थंड नाही. या उत्तराने कोणास पारितोषिक मिळणार नाही. परंतु त्या विद्यार्थ्याने पुढे डॉक्टर होऊन इन्शुलिन लिहून दिले, की 'बाई, ही कुपी घरी कोठे ठेवाल?' असे विचारल्यावाचून त्याच्याने राहवणार नाही.

माझ्या मते विद्यार्थिदशेतल्या संशोधनाचे खरे फळ हेच आहे. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला उत्तरे देते आणि परीक्षा ती परत मागते. ते आवश्यक आहे. औषधाची मात्रा पाठ नसलेला डॉक्टर कोणास हवा? पण उत्तर कसे तयार होते, त्यात चूक कोठून शिरते, हे एकदा तरी स्वतःच्या हातांनी अनुभवल्यावाचून 'मला ठाऊक नाही, तपासून पाहू' असे म्हणण्याचे धैर्य येत नाही. हे धैर्य नसलेला डॉक्टर औषधाच्या कंपनीच्या चकचकीत पत्रकावरही विश्वास ठेवतो आणि स्वतःच्या पहिल्या अंदाजावरही.

आता अडचणींकडे वळू. साडेचार वर्षांचा अभ्यास, वर्षभराची आंतरवासिता, आणि डोक्यावर पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेची टांगती तलवार. या देशात तो प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर ठरतो. संशोधनाला तेथे किंमत नाही. तेव्हा पालक मुलाला म्हणतात, हे उद्योग नंतर कर. त्यांना मी दोष देत नाही. मी इतकेच म्हणेन की, प्रत्येक विद्यार्थ्याने संशोधन केलेच पाहिजे असा नियम करू नये, आणि ज्याला ओढ आहे त्याला अडवूही नये. परीक्षेच्या तोंडावर प्रकल्प घेऊ नये. सुट्टीतले दोन महिने पुरतात.

याहून मोठे संकट दुसऱ्या बाजूने येते. परदेशी शिकायला जाणाऱ्याला छापील निबंधांची संख्या उपयोगी पडते. अध्यापकांच्या बढतीतही निबंध मोजले जातात. जेथे मोजणी आली तेथे भरणा आला. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके निघाली. ज्यांनी कामाला हात लावला नाही त्यांची नावे वर, आणि ज्याने रात्री जागून मोजणी केली त्याचे नाव खाली किंवा नाहीच, असेही घडते. बेस्ट आणि मॅक्लीन यांच्या वाट्याला जे आले ते मोठ्या शोधांच्या झगमगाटात आले. पण लहान कामातला अन्यायही विद्यार्थ्याच्या मनात तितकाच खोल रुततो. याहून वाईट म्हणजे, आकडे जुळवून देण्याची सवय एकदा विद्यार्थिदशेत लागली, की तीच सवय पुढे रोग्याच्या कागदांवरही उतरते. खोटा निबंध लिहायला शिकलेला विद्यार्थी संशोधन न केलेल्या विद्यार्थ्यापेक्षा समाजाला अधिक धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून सर्व भिस्त गुरूवर येते. त्याने प्रश्न लहान करून द्यावा. आठवड्यातून एक ठरावीक वेळ विद्यार्थ्याला द्यावी आणि ती पाळावी. मूळ नोंदवही मागून पाहावी. सुबक तक्त्यावर समाधान मानू नये. अपेक्षेच्या उलट निष्पत्ती आली तर रागावू नये. हॉवेल यांचे स्मरण करावे. आणि कोणाचे नाव कोठे येणार हे काम सुरू होण्यापूर्वीच बोलून ठेवावे. विद्यार्थ्यानेही गुरू निवडताना त्याच्या नावापुढच्या पदव्या मोजू नयेत. त्याच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून विचारावे की, गुरुजी भेटतात का?

आता शेवटचे, आणि ते आपल्यासाठी. उद्या आपण रुग्णालयात असाल आणि पांढरा डगला घातलेली एक मुलगी हातात कागद घेऊन आपल्या खाटेपाशी येईल. 'काका, मी एक अभ्यास करते आहे, आपल्याला काही प्रश्न विचारू का?' असे ती म्हणेल. तिला झिडकारू नका, आणि डॉक्टरांनी पाठविली म्हणून मुकाट्याने सहीही करू नका. तिला विचारा: हा अभ्यास कशासाठी? तुझे मार्गदर्शक कोण? संस्थेच्या नीतिसमितीने याला संमती दिली आहे काय? मी नाही म्हटले तर माझ्या उपचारात काही उणे होईल काय? होणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले पाहिजे. तो आपला हक्क आहे. तिने नीट उत्तरे दिली तर आनंदाने तिला आपली दहा मिनिटे द्या. तिला उत्तरे देता आली नाहीत, तर ती विचारून ये म्हणून परत पाठवा. त्या परत पाठविण्यानेही तिचे शिक्षणच होईल.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला घडविणाऱ्यांत प्राध्यापकाइतकाच रोगीही असतो. आपल्याला उद्या शंका घेणारे, तपासून पाहणारे डॉक्टर हवे असतील, तर त्यांच्या प्रश्नांना आज दार उघडणे आणि आपले प्रश्न त्यांना विचारणे, ही दोन्ही कामे आपली आहेत.